बाजार हलवायचा का, हे नक्की कुणाला विचारायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. तुमचं साठेक हजार वस्तीचं तालुक्याचं गाव. मंगळवारचा आठवडी बाजार जुन्या पेठेतल्या रस्त्यावर भरतो आणि त्या दिवशी ॲम्ब्युलन्ससुद्धा आत शिरत नाही. नगरपरिषदेला बाजार बायपासजवळच्या मोकळ्या जागेत न्यायचाय. पेठेतल्या दुकानदारांत दोन तट पडलेत, बाजारात माल विकायला येणारे बाजारकरी चिडलेत, आणि मुख्याधिकाऱ्यांनी तुमच्या दहा-बारा जणांच्या गटाला सांगितलंय, "लोकांना काय हवंय ते तुम्हीच काढून द्या." तुम्ही विचारताय, गूगल फॉर्म फिरवावा, मतदान घ्यावं, की मंगल कार्यालयात एक मोठी जाहीर सभा लावावी?

तिन्ही नकोत. निदान इतक्यात नकोत.

मी हे काम पंचवीस वर्षांहून जास्त करतोय. सुरुवात ग्रामसभांच्या प्रशिक्षणातून झाली, पुढे छोट्या शहरांत गेलो. माझ्या मते तुमची खरी अडचण "लोकांचं मत गोळा कसं करायचं" ही नाही. लोकांचं मत कुठे तयार होऊन पडलेलं नसतं, की गेलं आणि टोपलीत भरून आणलं. लग्नाच्या बैठकीला येताना दोन्हीकडची मंडळी आपापलं ठरवूनच येतात. उठताना ठरलेलं वेगळंच असतं, कारण मधे कुणीतरी आत्या विचारते, "अहो, पण मे महिन्यात एवढ्या माणसांना पाणी कुठून आणणार?" त्या आत्याचा प्रश्न ऐकल्यावर जे मत बनतं ते कामाचं. पुस्तकांत याला विमर्शात्मक लोकशाही वगैरे म्हणतात. मी आपलं "बसून ठरवणं" म्हणतो.

गूगल फॉर्म आत्या येण्याआधीचं मत मोजतो. शिवाय तो मोबाइलवर चटचट टाइप करणाऱ्यांचाच असतो, आणि एकाच घरातला पुतण्या तीस फॉर्म भरतो हे तुम्हालाही माहीत आहे.

मतदान वाईट नाही, पण त्याची जागा ठरलेली आहे. आपल्याकडे दारूबंदीसाठी "उभी बाटली, आडवी बाटली" होतं. गावातल्या वा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी पुरेशा जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. तिथे ते शोभतं, कारण प्रश्न एका ओळीचा आहे आणि दारूच्या दुकानाने घरात काय होतं हे शिक्का मारणाऱ्या बाईला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त कळतं. बाजाराचं तसं नाही. "हलवा" म्हणणाऱ्याच्या डोक्यात फक्त ट्रॅफिक असतो, "हलवू नका" म्हणणाऱ्याच्या डोक्यात फक्त धंदा. नव्या जागेवर सावली आहे का, पाणी आहे का, बाईमाणसाला जायला मुतारी आहे का, एसटी स्टँडपासून टोपली घेऊन कसं यायचं, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

आता सभा. हे जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. एका गावात नळाच्या पाण्याची वेळ ठरवायची होती. संध्याकाळचं पाणी सकाळी दहाला सोडलं तर पंपावरच्या माणसाची दुसरी पाळी वाचत होती. शाळेच्या हॉलमध्ये सभा लावली, रिक्षातून पुकारा केला, दोनशेच्या वर माणूस जमलं. मी खूश. बोलले अकरा जण. वहीत नावं टिपली होती म्हणून आकडा पक्का आठवतो. त्यांतल्या आठ जणांच्या घरावर टाकी होती. दहाची वेळ एकमताने मंजूर, टाळ्या, चहा. महिन्याभराने स्टेशनमागच्या वस्तीतून चाललो होतो तर नळ सुरू आणि पाणी सरळ गटारात. दहाला तिथल्या बायका दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत असतात, नळाखाली हंडा लावणार कोण? उंबऱ्यात एक आजी बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "सभेला का नाही आलात?" त्या म्हणाल्या, "सभा सातला होती ना दादा. सातला आम्ही पाणीच भरत होतो."

तेव्हापासून मी "सभेला सगळ्यांना बोलावलं होतं" हे वाक्य स्वतःच्या तोंडून काढत नाही.

जाहीर सभेला येतो कोण? ज्याला वेळ आहे, ज्याला माइकची भीती नाही आणि ज्याचं काही अडलंय. नव्या जागेमुळे ज्याच्या प्लॉटचा भाव वाढणार तो हमखास येणार. ज्या बाईच्या मेथीच्या पंचवीस जुड्या परत घरी जाणार ती येणार नाही. आलीच तर दाराशी उभी राहील.

कायद्यातल्या ग्रामसभेचंही पुष्कळ ठिकाणी हेच झालंय. आपल्या राज्यात गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान लागणारी हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. परिणामी काही गावांत पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावतात. शहरांत तर तेवढंही नाही. २००९ मध्ये नागरी कायद्यांत "क्षेत्रसभे"ची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. चांगली गोष्ट आहे. पण त्यात माणूस फॉर्म भरून देतो आणि घरी जातो. शेजारच्या गल्लीने काय मागितलं आणि का मागितलं, हे त्याला कळायची सोय नसते.

मग चालतं काय? मी सगळ्यात जास्त शिकलो ते मेंढा (लेखा) या गावाकडून. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड आदिवासी गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. या कामामागच्या देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे सगळं पेपरात येतं. माझ्या कामाची गोष्ट वेगळी आहे, तिथला अभ्यासगट. एखादा विषय आला की ज्याला रस आहे तो त्यात बसतो, बाहेरचा जाणकारही बसू शकतो. वाचायचं, मोजायचं, वाद घालायचा. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाला पटलं नाही तर थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. समजून घेण्याची जागा आणि ठरवण्याची जागा त्यांनी वेगळ्या ठेवल्या. आपल्या जाहीर सभेत दोन्ही एकाच दोन तासांत उरकायचं असतं, म्हणून धड एकही होत नाही.

पण मेंढा तुमच्याकडे जसंच्या तसं उचलून आणता येणार नाही. तिथे सगळं गाव एका मांडवात मावतं. साठ हजारांना मंगल कार्यालयात कोंबता येत नाही, आणि साठ हजारांची सर्वसहमती मी तरी अजून पाहिलेली नाही. म्हणून मोठ्या वस्तीत सगळ्यांच्या वतीने थोडे लोक बसवावे लागतात. हे थोडे कोण, इथे सगळं अडतं. पुढारी नेमले तर त्यांचीच माणसं. संस्थांचे प्रतिनिधी घेतले तर तेच नेहमीचे चेहरे (तुमच्या-माझ्यासारखे, राग मानू नका).

माझं उत्तर आहे सोडत. हसू नका. म्हाडाची घरं आपण सोडतीने देतो, सरपंचपदाचं आरक्षण सोडतीने ठरतं, खासगी शाळांतले आरटीईचे मोफत प्रवेश सोडतीने होतात, भिशीची चिठ्ठी घरातलं लहान पोर उचलतं. सोडतीवर आपल्या माणसाचा विश्वास आहे, कारण तिच्यात कुणाला हात घालता येत नाही. हे परदेशी खूळही नाही. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या मंदिराच्या भिंतीवर दहाव्या शतकातला, चोळ राजा परांतकाच्या काळातला शिलालेख आहे. ताडपत्रांवर नावं लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाने उचलायची, अशी गावच्या समित्या निवडण्याची पद्धत त्यात दिलीय. मडक्यात कुणाचं नाव पडणार याला मात्र अटी होत्या, जमीन आणि वेदविद्येच्या. म्हणजे सोडत निष्पक्ष आणि मडकं पक्षपाती. ही मेख लक्षात ठेवा, तुमच्या बाबतीत ती पुन्हा येणार आहे.

अलीकडचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आयर्लंडचं. तिथे गर्भपातावरची बंदी १९८३ पासून राज्यघटनेतच होती आणि राजकीय पक्ष त्या विषयाला हात लावायला कचरत होते. २०१२ मध्ये आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवार तिथल्या रुग्णालयात वारल्या. गर्भ टिकणार नाही हे दिसत असूनही डॉक्टरांनी वेळेत गर्भपात केला नाही, आणि त्यानंतर तो प्रश्न दाबून ठेवणं अवघड झालं. २०१६ मध्ये सरकारने सोडतीसारख्या पद्धतीने ९९ सामान्य नागरिक निवडले, अध्यक्ष म्हणून एक न्यायाधीश दिल्या. या लोकांनी पाच शनिवार-रविवार फक्त या विषयाला दिले. डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, दोन्ही बाजूंच्या संघटना ऐकल्या, त्यातून गेलेल्या बायकांचे अनुभव त्यांच्याच आवाजात ऐकले. सात-आठ जणांच्या टेबलांवर बसून बोलले. त्यांची शिफारस पुढाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा मोकळी निघाली. मग संसदेच्या समितीने ती तपासली आणि मे २०१८ मध्ये देशभर सार्वमत झालं. ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवायच्या बाजूने मत दिलं. मतदान तिथेही झालंच, पण आधी बसले, मग मतदान. मधल्या काळात अख्ख्या देशाने त्या ९९ जणांच्या निमित्ताने विषय समजून घेतला.

तिथेही गडबड झाली होती बरं का. त्याच सभेच्या शेवटच्या टप्प्यात कळलं की बदली आलेले सात सदस्य सोडतीतून नव्हे, ओळखीपाळखीतून घेतले गेलेत. त्यांना काढावं लागलं. म्हणून सोडत बंद खोलीत नको. बाजाराच्या दिवशी, चौकात, सगळ्यांसमोर काढा. व्हिडिओ ठेवा आणि चिठ्ठी दुसरी-तिसरीतल्या पोराला उचलू द्या.

आता तुमचं मडकं. पहिला विचार मनात येईल मतदारयादीचा. पण आठवडी बाजारात बसणारे बहुतेक बाजारकरी तुमच्या शहरातले नसतातच! ते आसपासच्या खेड्यांतून येतात. गिऱ्हाईकही बरंचसं खेड्यांतलं. शहराच्या यादीतून सोडत काढलीत तर ज्यांचा बाजार आहे तेच मडक्याबाहेर राहिले. मी तुमच्या जागी असतो तर तीन डबे ठेवले असते. एका डब्यात प्रभागनिहाय मतदारयादीतली नावं. दुसऱ्यात बाजारकरी, आणि त्यांची यादी कुठेच नसते, कारण ठेकेदार पावती फाडतो ती जागेची, नावाची नव्हे. म्हणून एका मंगळवारी पहाटे तुमच्या चार पोरांनी फिरून प्रत्येक बसलेल्या जागेला खडूने क्रमांक टाकायचा आणि त्या क्रमांकांची सोडत काढायची. तिसऱ्या डब्यात बाजारावर अवलंबून असलेल्या खेड्यांची नावं. जे गाव निघेल तिथल्या मतदारयादीतून पुन्हा एक नाव. चाळीस-बेचाळीस जागा धरल्या तर शहराच्या चोवीस, बाजारकऱ्यांच्या दहा, खेड्यांच्या आठ. हे आकडे काही वेदवाक्य नाहीत, तुमच्याकडची वस्तुस्थिती बघून बदला.

दुकानदार म्हणतील, आम्हाला वेगळा डबा का नाही? त्यांचं अगदीच चूक नाही. पण ते शहराच्या यादीत आहेत, पेठेच्या प्रभागातून त्यांची नावं निघू शकतात, आणि त्यांचं म्हणणं साक्षीला बोलावून पूर्ण ऐकायचं आहे. तरीही गावात तेवढ्यावरून पेटणार असेल तर दोन जागा द्या. मी भांडण टाळायला दोन जागा दिल्या आहेत, आणि सभा काही बुडाली नाही.

नाव निघालं म्हणजे माणूस येतोच असं नाही. चाळीस हवेत तर पाच-सहा पट नावं काढा, घरी जा, समजावून सांगा आणि जे "हो" म्हणतील त्यांतून दुसरी सोडत काढा. निम्म्या बायका येतील, तरुण येतील, सगळ्या वस्त्यांतले येतील, हे त्या दुसऱ्या सोडतीत सांभाळायचं. दारात उभ्या राहिलेल्या बाईने "मला काय कळतंय त्यातलं, यांना न्या" म्हणत नवऱ्याकडे बोट दाखवलं तर नवऱ्याला नेऊ नका. तिलाच विचारा, "मंगळवारी भाजी कोण आणतं?"

आणि पैसे द्या. इथे आपली कार्यकर्ता मंडळी नाक मुरडतात, लोकशाहीसाठी कसले पैसे म्हणून. ज्याचा रोज बुडतो त्याला रोज मिळाला पाहिजे, नाहीतर तुमच्या चाळिसांत निवृत्त शिक्षक आणि एलआयसी एजंटच उरतील. वार ठरवतानाही घाई नको. बाजारकरी माणसाचा आठवडा सात गावांत वाटलेला असतो. मंगळवारी तुमच्याकडे, बुधवारी दुसरीकडे, शुक्रवारी तिसरीकडे. "रविवारी सगळे मोकळे असतात" हे नोकरदाराचं गणित झालं. त्यांनाच विचारून वार ठरवा, आणि पेरणीच्या दिवसांत तर बसूच नका.

बैठका चार तरी हव्यात, प्रत्येकी तीन तासांच्या, दोनेक महिन्यांत पसरलेल्या. पहिलीत फक्त ऐकायचं. नगरपरिषदेचा अभियंता, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, पेठेतले दोन्ही तट, बाजारकऱ्यांतले जुने-जाणते. त्यांनी बोलायचं आणि लोकांनी उलटतपासणी घ्यायची. कागदपत्रं साध्या मराठीत दोन पानांत हवीत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी मोठ्याने वाचून दाखवायला हवीत.

दुसरी बैठक खुर्चीवर नको, पायी. पहाटे पाचला पेठेत टेम्पो रिकामे होताना बघा आणि तिथून चालत नव्या जागेवर जा, टोपलीभर ओझं घेऊन. एका गावात भाजी मंडईसाठी असेच गेलो होतो. अभियंत्याने नकाशा पसरला, गेट दाखवलं, सगळे माना डोलवत होते. सोडतीत निघालेला एक जुना टेम्पोवाला दोन तास गप्प होता. तो पुढे झाला, चपलेच्या टोकाने धुळीत गेटाच्या रुंदीच्या दोन रेघा ओढल्या, आठ पावलं टाकून टेम्पोची लांबी मोजली आणि म्हणाला, "साहेब, आता मी माल उतरवून माघारी येतो. तुम्ही टेम्पो घेऊन समोरनं या." अभियंता हसला. मग त्याने खिशातून टेप काढली. दोघं मिळून दहा मिनिटं मोजत होते, बाकीचे भोवती उभे. मंडईला पुढे दोन गेटं झाली, यायचं वेगळं आणि जायचं वेगळं. हे वाक्य त्या माणसाने माइकवर कधीच म्हटलं नसतं.

तिसऱ्या बैठकीत पर्याय मांडायचे, आणि "हलवायचा की नाही" एवढेच दोन ठेवू नका. धान्य-कापड नव्या जागेत आणि भाजी पेठेत ठेवता येईल का? एकच बाजू मोकळी ठेवून ॲम्ब्युलन्सला वाट देता येईल का? सहा महिने करून बघता येईल का? लोकांना बोलू दिलंत तर पाचवा-सहावा पर्याय तेच काढतील. चौथ्या बैठकीत शिफारशी लिहायच्या.

टेबलावर सात-आठ जणच. प्रत्येक टेबलावर एक जण बोलतं करणारा आणि एक जण लिहून घेणारा, दोघेही शक्यतो दुसऱ्या गावचे. शेजारच्या तालुक्यातले शिक्षक, गावोगाव बचतगटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताई हे काम उत्तम करतात. मी एक साधी युक्ती वापरतो, प्रत्येकाला पाच चिंचोके. बोलायचं असेल तर एक चिंचोका मधल्या वाटीत टाकायचा. संपले की ऐकायचं. सगळ्यांचे संपले की पुन्हा वाटायचे. एकदा एका निवृत्त हेडमास्तरांचे पंधरा मिनिटांत संपले आणि त्यांनी शेजारच्या बाईकडे उसने मागितले. तिने दिले नाहीत. "मला लागतील," म्हणाली, आणि खरंच पाचही वापरले.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची पद्धत कायद्यानेच घालून दिलीय. तिचा हेतू चांगला आहे. पहिल्या बैठकीत बायकांचं टेबल वेगळं ठेवायला हरकत नाही, जीभ सैल होते. पण पुढच्या बैठकांत टेबलं मिसळा. नाहीतर "महिलांचं म्हणणं वाचून दाखवण्यात आलं" एवढीच ओळ इतिवृत्तात उरते.

शेवटी हात वर करायला लावू नका. प्रत्येक पर्यायासमोर तीन खाने काढा: चालेल, नाइलाजाने चालेल, अजिबात नाही. मला स्वतःला मधला खाना सगळ्यात उपयोगी वाटतो. "नाइलाजाने" म्हणणाऱ्याला विचारा, काय केलं तर "चालेल" म्हणशील? सावलीचे पत्रे, पहिलं वर्ष पावती माफ, एसटीचा थांबा, अशा गोष्टी तिथून निघतात, आणि नगरपरिषदेला करता येण्यासारखं त्यातच सगळ्यात जास्त असतं. "अजिबात नाही" म्हणणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत अहवालात लावा. तुम्ही सुधारून लिहू नका.

हे सगळं कशावर टिकतं? मुख्याधिकारी आधी काय लिहून देतात त्यावर. फ्रान्समध्ये २०१९ मध्ये हवामानबदलावर सोडतीने १५० नागरिक बसवले. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी शब्द दिला की तुमचे प्रस्ताव कसलीही चाळणी न लावता पुढे नेऊ. लोकांनी मान मोडून १४९ प्रस्ताव दिले. मग एकेक गळायला लागला, पातळ व्हायला लागला. शेवटी त्या नागरिकांनीच सरकारच्या प्रतिसादाला गुण दिले, १० पैकी ३.३. तेव्हा पेलणार नाही असा शब्द मागूच नका. "तुम्ही ठरवाल ते आम्ही करू" असं कुणी म्हणालं तर मी सावध होतो. नगरपरिषदेचा निर्णय कायद्याने नगरपरिषदेलाच घ्यावा लागतो, तुमच्या चाळिसांना तसा अधिकार नाही. एवढंच लिहून घ्या: कोणत्या गोष्टी खुल्या आहेत आणि कोणत्या आधीच ठरल्या आहेत, अहवाल सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर कधी येईल (प्रशासक असेल तर तो कधी सुनावणी घेईल), आणि प्रत्येक शिफारशीवर "हो", किंवा "नाही आणि का नाही", हे लेखी किती दिवसांत मिळेल. एक पान पुरे. सही आणि शिक्का.

नगरसेवक म्हणतील, "आम्हाला मग निवडून कशाला दिलंय?" त्यांना टाळू नका. बैठकांना मागे बसून ऐकायला बोलवा, मधे बोलायचं नाही या अटीवर. एक-दोन जण येतात, आणि आलेले पुढे सभागृहात तुमची बाजू तुमच्यापेक्षा चांगली मांडतात. त्यांना अवघड निर्णयाला आधार हवाच असतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. नव्या जागेची निविदा निघाली असेल तर हे करू नका. ठरलेल्या गोष्टीवर लोकांना चार दिवस बसवणं ही फसवणूक आहे, आणि पुढच्या वेळी कुणी दार उघडणार नाही. वादाला जातीचा किंवा धर्माचा रंग चढला असेल तर आधी तो निवळू द्या. तुमच्याकडे फेरीवाला कायद्याखालची समिती आहे का तेही बघा. २०१४ च्या कायद्यात त्या समितीवर किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत. ती असेल तर तिला वगळून पुढे जाऊ नका.

आणि जिथे प्रश्न एखाद्या समूहाच्या हक्काचा असतो तिथे सोडत लागू नाही. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरच्या खाणीबद्दल ग्रामसभांना विचारायला लावलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. तिथे जिल्ह्यातून चाळीस जण काढून त्यांच्यावर सोडणं अन्यायच झाला असता. ज्यांचा डोंगर त्यांनीच बोलायचं. तुमच्या बाजारात हक्काचा भाग आहे का? पिढ्यान् पिढ्या तिथेच बसणारा कुणी कुंभार, बुरूड, चांभार असेल तर आहे. त्यांच्याशी आधी स्वतंत्र बोला, चाळिसांच्या टेबलावर तो मुद्दा भावतोलाचा करू नका.

आता खर्चाचं. चार वेळचं जेवण, रोज, खेड्यांतल्यांचा एसटीचा खर्च, हॉल, छपाई. हॉल नगरपरिषदेचा मिळतो. बाकीचं एका मंगल कार्यालयाच्या भाड्यात आणि मांडववाल्याच्या बिलात जवळजवळ भागतं, म्हणजे तुमच्या जाहीर सभेपेक्षा फार जास्त नाही. वेळ मात्र जास्त जातो, त्याला इलाज नाही.

मुख्याधिकाऱ्यांना भेटायच्या आधी एक काम करा. येत्या मंगळवारी पहाटे साडेचारला पेठेत जा, खडू घ्या आणि जागा मोजा. कोण कुठे बसतं, कुठल्या गावचं आहे, माल कशातून आला, पावती कितीची फाडली, एवढं वहीत लिहा. दोन मंगळवार लागतील, एक पुरणार नाही, कारण अमावास्येच्या आणि सणाच्या आधीच्या बाजारात माणसं वेगळी असतात. ती वही झाली की मला कळवा. डबे किती ठेवायचे ते तिच्यावरून ठरवू.